अतिद्रुत लेसर वर्णपटमिती

प्रकाश शोषल्यावर रेणूत पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) किंवा त्याहूनही लवकर घडणारे बदल मोजण्याची पद्धत. फेमटोसेकंदात, म्हणजे पिकोसेकंदाच्या हजाराव्या भागात, प्रकाश जेमतेम ०.३ मायक्रोमीटर सरकतो. या वेगाला इलेक्ट्रॉनिक संवेदक पुरा पडत नाही, म्हणून इथे वेळ अंतराने मोजतात. अशा मापनांतून अभिक्रियांच्या संक्रमण अवस्था उलगडल्याबद्दल अहमद झेवैल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी १९८४ ची, शहराजवळच्या सिमरोलची आयआयटी २००९ ची. त्यामुळे इथे लेसरविद्या आणि रसायनशास्त्र एकाच शहरात शिकता येते. मराठी विद्यार्थीही टेबलाशी ‘पंप’ (रेणूला उत्तेजित करणारा स्पंद), ‘प्रोब’ (नंतर येऊन बदल टिपणारा स्पंद), ‘डिले’ (दोघांतले वेळेचे अंतर) असेच बोलतात.

टायटेनियम-सफायर लेसरचे ८०० नॅनोमीटरचे स्पंद दोन वाटांनी नेतात. एका वाटेवर तरंगलांबी निम्मी करणाऱ्या बीबीओ (बेरियम बोरेट) स्फटिकातून ४०० नॅनोमीटरचा पंप मिळतो. दुसरीवर २–३ मिलिमीटर जाडीच्या सफायर चकतीतून पांढरा प्रोब. डिले स्टेजवरचा (सरकत्या मंचावरचा) परावर्तक १ मिलिमीटर सरकला की प्रकाशाची वाट २ मिलिमीटरने वाढते, म्हणजे ६.६७ पिकोसेकंद. एक किलोहर्ट्झच्या लेसरला चॉपर (किरण ठरावीक वेळाने अडवणारी फिरती चकती) ५०० हर्ट्झवर लावून पंपाचा एकाआड एक स्पंद अडवतात आणि दोन्ही वर्णपटांच्या गुणोत्तरातून शोषणातला फरक काढतात. दोन किरणांच्या ध्रुवणांत ५४.७ अंश ठेवले, तर रेणूच्या फिरण्याचा परिणाम वगळला जातो.

नमुना साधारणतः १ किंवा २ मिलिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (पारदर्शक चौकोनी कुपीत), पंपाच्या तरंगलांबीला ०.३ ते ०.५ शोषणांक राहील इतका पातळ. तो सतत ढवळावा, नाहीतर एकाच जागी मारा होऊन रंगद्रव्य जळते. प्रयोगाआधी आणि नंतर साधा शोषण वर्णपट घेणे टाळू नये. तो बदलला असेल तर आधीची मापने टाकून द्यावीत.

खरी फसगत स्टेजवर होते. किरण स्टेजच्या दिशेशी काटेकोर समांतर नसेल, तर लांब डिलेला तो पंपाच्या ठिपक्यावरून सरकतो. संकेत घटतो आणि ते रेणूचे क्षयन वाटते. म्हणून पूर्ण प्रवासात ठिपका दूरच्या पडद्यावर हलत नाही हे आधी तपासावे. नुसत्या विद्रावकाचे मापनही घ्यावे: शून्य-वेळ (पंप आणि प्रोब एकाच क्षणी पोचण्याची वेळ) त्यातच सापडते आणि तिथे दिसणारा क्षणिक उसळा रेणूचा नव्हे, हेही कळते. पंपाची ऊर्जा निम्मी केल्यावर संकेतही निम्मा व्हायला हवा. काचेतून निळा प्रकाश लालपेक्षा मागे पडतो, त्यामुळे शून्य-वेळ तरंगलांबीनुसार दुरुस्त करावी लागते.

पावसाळ्यात बीबीओचा पृष्ठभाग ओलीने धुरकट होतो, तेव्हा खोलीची आर्द्रता रोज नोंदवावी. ८०० नॅनोमीटरचा किरण फिकट लाल दिसतो, तरी डोळ्याचा पडदा क्षणात जाळतो. गॉगल त्याच तरंगलांबीचा हवा, आणि अलाइनमेंटच्या (किरण जुळवण्याच्या) वेळी हातात अंगठी किंवा घड्याळ नको.