मोटारसायकलचे विद्युत रूपांतर

पेट्रोल मोटारसायकलचे इंजिन उतरवून त्या जागी विद्युत मोटर, कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग) आणि बॅटरी बसवण्याची प्रक्रिया. गॅरेजच्या बोलीत ‘किट बसवणे’. चेसिस, पुढचा फोर्क, शॉकअब्सॉर्बर, सीट, दिवे तेच राहतात. क्लच, गिअर, कार्बोरेटर आणि सायलेन्सर जातात. भारतात असे प्रयोग मुख्यतः १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांवर होतात आणि घर ते कामाचे ठिकाण एवढ्या ठरलेल्या फेरीसाठीच ते समजण्यासारखे आहेत.

९७.२ सीसीची हिरो स्प्लेंडर या कामाला सोयीची. वजन सुमारे ११२ किलो, सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि तिची चेसिस ‘डबल क्रेडल’ प्रकारची असल्याने खालच्या नळ्या इंजिनाशिवायही एकसंध राहतात. ‘डायमंड’ चेसिसच्या गाडीत मात्र खालचा दुवा इंजिनच असते. ते काढले की मजबूत ब्रॅकेट घालून ती जागा भरावी लागते. नुसती बॅटरीची पेटी लटकवणे धोक्याचे.

मोटर दोन पद्धतींनी बसते. हब मोटर मागच्या चाकातच असते, त्यामुळे चेन आणि स्प्रॉकेटची कटकट संपते. पण मूळ ड्रम ब्रेक चाकाच्या हबमध्येच असल्याने तोही नव्याने जुळवावा लागतो, आणि चाकाचे वजन वाढल्याने खड्ड्यांतले धक्के जास्त बसतात. दुसऱ्या पद्धतीत मोटर इंजिनाच्या जागी बसते आणि चेनने चाक फिरवते; चाक व ब्रेक मूळचेच राहतात आणि स्प्रॉकेट बदलून चढावासाठी ओढ वाढवता येते. दीड-दोन किलोवॉटची हब मोटर शहरातला उड्डाणपूल सहज चढते, पण माळशेजसारख्या घाटात डबलसीट बराच वेळ ओढावे लागले तर तापते. दिवे, हॉर्न आणि इंडिकेटर १२ व्होल्टवर चालत असल्याने बॅटरीचे जास्तीचे व्होल्टेज १२ वर उतरवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर लागतो. तो वाचवण्यासाठी काही जण मोठ्या बॅटरीतल्या मोजक्याच सेलमधून १२ व्होल्ट काढतात. ते सेल इतरांपेक्षा लवकर उतरतात आणि अख्खा पॅक बिघडतो.

खरा प्रश्न बॅटरीचा. ७२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांच्या पॅकमध्ये २.८८ युनिट वीज मावते. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिटांइतकी ऊर्जा असते. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी जेमतेम एक तृतीयांश लिटर पेट्रोलच्या बरोबरीची. तरीही गाडी ४०-४५च्या वेगाने ८०-९० किलोमीटर जाऊ शकते, कारण मोटर मिळालेल्या विजेतला बहुतांश भाग चाकापर्यंत पोचवते आणि छोटे पेट्रोल इंजिन तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णतेत घालवते. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल वजनदार, पण तापमान अधिक सोसणारे. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी बीएमएस नसलेला पॅक स्वस्त पडला तरी घेऊ नये. २०२२ मध्ये ई-स्कूटरना आगी लागल्यानंतर दुचाकींच्या बॅटरीसाठीचे ‘एआयएस-१५६’ हे मानक कडक करण्यात आले. चार्जिंग घरातल्या साध्या प्लगवर होते. अडचण असते ती प्लगपर्यंत पोचण्याची. मुंबई-पुण्याच्या सोसायटीत पार्किंगमध्ये जोडणी नसेल, तर पंचवीसेक किलोची बॅटरी जिना चढून घरी न्यावी लागते.

कायदेशीर बाजू अनेकांना उशिरा कळते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येतो, पण मान्यताप्राप्त किट वापरून आणि आरटीओकडे त्याची नोंद करूनच. शुद्ध विद्युत किटसाठी ‘एआयएस-१२३’ या मानकाचा तिसरा भाग लागू आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) वाहन-चाचणी संस्था त्याप्रमाणे चाचणी घेतात. किटला मिळालेली मान्यता ठरावीक मॉडेलपुरती असते, सरसकट नसते. तपासणीनंतर आरसीवरील इंधनाची नोंद बदलते आणि खाजगी गाडीला हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांचा क्रमांक मिळतो. विमा कंपनीलाही कळवावे लागते. डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून उभी केलेली गाडी कितीही चांगली चालली, तरी या कागदांशिवाय ती रस्त्यावर बेकायदाच.

ठाण्याच्या ‘गोगोएवन’ने २०२१ मध्ये स्प्लेंडरसाठी आरटीओमान्य किट आणले. किंमत सुमारे ३५,००० रुपये होती, बॅटरी वेगळी. ती धरली की आकडा नव्वद हजारांच्या पुढे जात होता. एवढ्या पैशांत नवी ई-स्कूटर वॉरंटीसह येते, हा या धंद्यापुढचा मोठा पेच आहे. पेट्रोल शंभराच्या पुढे आणि मायलेज ६० धरले, तर किलोमीटरला पावणेदोन रुपये पडतात. विजेवर चाळीस पैशांच्या आसपास. रोज ३० किलोमीटर जाणाऱ्याचे वर्षाला साधारण बारा हजार वाचतात, म्हणजे खर्च निघायला सात-आठ वर्षे, आणि तोवर बॅटरी बदलायला येते. रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्याचा पैसा दोन-अडीच वर्षांत सुटू शकतो, पण एका चार्जमध्ये त्याचा दिवस निघत नाही. त्याला दुपारी चार्जिंगसाठी थांबावे लागते, नाहीतर दुसरी बॅटरी घ्यावी लागते.