जुनी हायब्रीड दाखवायला आणा, पण कोड न पुसता आणा

आमच्या वर्कशॉपला येणाऱ्या फोनमध्ये हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो: "सेकंडहँड हायब्रीड मिळतेय, घेऊ का?" हायब्रीड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेली गाडी. याचं उत्तर फोनवर देता येत नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवलात तरी देता येत नाही, कारण व्हिडिओत सीट कव्हर दिसतं, बॅटरी दिसत नाही. म्हणून हे पत्रक छापलं आहे. घरात सगळ्यांनी वाचा. ज्यांच्या नात्यात गाडीतलं सगळं कळणारा एखादा मेव्हणा आहे, त्यांनी त्यालाही वाचायला द्या.

हायब्रीड कुठली, ते आधी बघा

डिकीवर हायब्रीड लिहिलंय म्हणून जादा पैसे मोजू नका. एर्टिगा, सियाझ, एक्सएल6 या गाड्यांवर स्मार्ट हायब्रीड किंवा एसएचव्हीएस असा बॅज असतो. त्यांत बेल्टवर चालणारा स्टार्टर-जनरेटर असतो. सिग्नलला इंजिन बंद करून परत चालू करणं आणि उचल घेताना थोडा हातभार लावणं एवढंच त्याचं काम. निव्वळ बॅटरीवर ही गाडी चालत नाही. गाड्या चांगल्या आहेत, आम्ही रोज सर्व्हिसिंग करतो, पण त्यांची किंमत पेट्रोल गाडीसारखीच ठरवा.

खरी, म्हणजे थोडं अंतर निव्वळ बॅटरीवरही चालणारी स्ट्राँग हायब्रीड, तुमच्या-आमच्या बजेटमध्ये आली ती 2022 पासून. होंडा सिटी ई:एचईव्ही, ग्रँड व्हिटारा आणि तिची जुळी बहीण टोयोटा हायरायडर त्याच वर्षी आल्या. वर्ष संपता संपता इनोव्हा हायक्रॉस आणि 2023 मध्ये इन्व्हिक्टो आली. खरा घोटाळा ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरमध्ये होतो, कारण त्याच नावाने, त्याच बॉडीत साधी स्मार्ट हायब्रीडही विकली जाते आणि एजंट दोन्हीला "हायब्रीडच आहे साहेब" म्हणतो. आत बसून बघा. स्ट्राँगमध्ये ईव्ही मोडचं, म्हणजे निव्वळ बॅटरीवर चालवायचं, बटण असतं आणि मीटरमध्ये आरपीएमच्या काट्याऐवजी चार्ज-इको-पॉवर दाखवणारं मीटर असतं. क्लचचा पेडल दिसला तर पुढे बोलायचं कारणच नाही.

कधी कधी 2013 ते 2015 च्या दरम्यानची कॅमरी हायब्रीड एखाद्या नव्या छोट्या गाडीच्या भावात दिसते आणि माणूस पाघळतो. हल्ली कंपन्या हायब्रीड बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल तोवर, वॉरंटी देतात. तोच हिशोब लावला तरी त्या कॅमरीची मुदत कधीच सरली. उद्या बॅटरी गेली तर खर्च तुमचा, आणि तो लाखांत असतो. एवढी तयारी असेल तरच तिच्याकडे वळा.

सोलापुरात परवडते का?

हायब्रीड पेट्रोल वाचवते ती थांबत-थांबत चालण्यात. ब्रेक दाबला की मोटर जनरेटर होते आणि वाया जाणारा जोर बॅटरीत जातो. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ती जो फायदा देते, तो आपल्या सात रस्ता चौकातल्या एका सिग्नलवर मिळणार नाही. आणि पुणे हायवेला शंभरने निघालात तर बचत आणखी कमी होते. ग्रँड व्हिटाराचा कंपनीचा आकडा लिटरला 27.97 किलोमीटर आहे. तो टेस्टमधला आकडा, तुमच्या पायाखालचा नव्हे.

समजा तुमचं फिरणं महिन्याला हजार किलोमीटर आहे. हायब्रीडने 22 चं ॲव्हरेज दिलं, साध्या गाडीने 15 चं, आणि पेट्रोल 105 रुपये धरलं, तर महिन्याला साधारण 2,200 रुपये वाचतात. त्याच वयाच्या साध्या गाडीपेक्षा हायब्रीडला दोन लाख जास्त मोजलेत, तर ते वसूल व्हायला साडेसात वर्षं लागतील. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याचं गणित अर्ध्या वेळात सुटतं. दुकान ते घर आणि आषाढीला पंढरपूर, एवढंच फिरणाऱ्याने पेट्रोल किंवा कंपनी फिटेड सीएनजी घ्यावी. हे आम्ही हायब्रीडची कामं करणारेच सांगतोय. शांत गाडी आणि क्लचपासून सुटका एवढ्यासाठी घेत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे हिशोब चालत नाही.

आता मुख्य मुद्दा: कोड पुसणं

आमचा आणि तुमचा सर्वांत जास्त वेळ यात जातो. गाडी विकत घ्यायच्या आधी तपासायला आणतात आणि आणण्याआधी कुणीतरी तिचे फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या कंप्युटरने करून ठेवलेल्या दोषांच्या नोंदी, पुसून टाकलेले असतात. कधी एजंट पुसतो. बऱ्याचदा आपलाच माणूस ऑनलाइन मागवलेला ब्लूटूथ स्कॅनर लावतो, मोबाइलवर लाल काही दिसलं की 'क्लिअर' दाबतो आणि "आता ओके आहे" म्हणून पाठवतो. काही जण नेहमीच्या छोट्या, बारा व्होल्टच्या बॅटरीचं टर्मिनल सोडवून परत लावतात. त्यानेही बराचसा इतिहास जातो.

कोड पुसला म्हणजे दोष गेला असं नाही. गाडीतला कंप्युटर आपले आपण ठराविक तपास करत असतो, कोड पुसले की ते सगळे तपास शून्यावर येतात. पुन्हा पूर्ण व्हायला गाडी थंड असताना सुरू करावी लागते, गावात आणि हायवेला वेगवेगळ्या वेगाने चालवावी लागते, काही वेळा दोन-तीन दिवस जातात. तोपर्यंत आमचा स्कॅनर एवढंच सांगतो की तपास अपूर्ण आहे. मग आम्ही तुम्हाला परत पाठवतो, तुम्ही रागावता, आणि एजंट म्हणतो, "बघा, गॅरेजवाल्यालाही काही सापडलं नाही."

पुसलेलं लपत नाही, हेही सांगून ठेवतो. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा कंप्युटर स्वतः सांभाळून ठेवतो आणि आमच्या स्क्रीनवर तो दिसतो. मीटरला 62,000 आणि पुसल्यापासून फक्त 6 किलोमीटर असं दिसलं, की गाडी एजंटच्या यार्डातून आमच्या दारापर्यंतच आली आहे हे कळायला ज्योतिषी नको. टर्मिनल काढलं असेल तर बहुतेक गाड्यांत ट्रिप आणि ॲव्हरेजचे आकडे कोरे होतात, आणि काही गाड्यांत काच एका दाबात पूर्ण वर जायचं विसरते. हे तुम्ही आमच्याकडे यायच्या आधी यार्डातच बघू शकता, फुकटात.

तेव्हा विनंती अशी: डॅशबोर्डवर दिवा लागलेला असला तरी तसाच लागलेला आणा. लागलेल्या दिव्याची गाडी तपासायला आम्हाला सोपी जाते आणि भाव पाडायला तुम्हाला.

बॅटरीचा श्वास

हायब्रीडची मोठी बॅटरी पंख्याच्या हवेने थंड होते आणि ही हवा बहुतेक गाड्यांत प्रवासी बसतात तिथूनच घेतली जाते. मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली जाळी असते. जागा मॉडेलप्रमाणे बदलते, मॅन्युअलमध्ये चित्र असतं. आपल्याकडची धूळ, कुत्र्याचे केस, चादरीचे दोरे तिथे अडकतात. तुळजापूरहून परतताना मागच्या सीटवर ओला टॉवेल, पिशव्या, नारळ रचले की जाळी पूर्ण बुजते. मे महिन्यात पारा 43 वर असताना बुजलेल्या जाळीची बॅटरी लवकर म्हातारी होते. गाडी बघायला गेलात की मोबाइलचा टॉर्च लावून या जाळीत डोकवा. राखाडी नमद्यासारखा थर दिसला तर मालकाने बाकी गाडी कशी ठेवली असेल याचा अंदाज येतो.

आम्ही बॅटरीची तपासणी गाडी उभी करून करत नाही. एसी चालू ठेवून, चढावर लोड देऊन, बॅटरीच्या एकेका ब्लॉकचं व्होल्टेज स्क्रीनवर बघतो. सगळे ब्लॉक एकत्र चढले-उतरले तर उत्तम. एखादा सतत मागे राहत असेल तर आजारी तोच. उभ्या गाडीत सगळे सारखेच दिसतात.

आणखी एक. यार्डात महिनोन्महिने उभी असलेली गाडी "जंप देऊन चालू करून देतो" म्हणाले तर थांबा. टोयोटा पद्धतीच्या हायब्रीडला वेगळा स्टार्टर नसतो, इंजिन मोठ्या बॅटरीच्या जोरावर फिरतं. ती बॅटरी पार उतरली असेल तर बारा व्होल्टचा जंप देऊन इंजिन फिरणार नाही.

पाण्यात बसलेल्या गाडीला आम्ही सरळ नाही म्हणतो. जुलै 2024 मध्ये पुण्यात सिंहगड रोडला मुठेचं पाणी घुसलं. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीने आपल्याच जिल्ह्यात माढा-मोहोळकडे काय केलं, ते सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळच्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. पेट्रोल गाडी सुकवून चालते एकवेळ. पण हायब्रीडच्या नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज. त्यांच्या जोडांवर हिरवट गंज दिसला की आम्ही तिथेच थांबतो. तुम्ही नुसतं बघा, हात लावू नका.

एसीचं काम आधी कुठे केलंय तेही विचारा. या गाड्यांचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि त्याला वेगळं ऑइल लागतं. नेहमीच्या गाडीचं ऑइल भरलं तर कॉम्प्रेसरचं इन्सुलेशन जातं.

आमच्या पद्धतीबद्दल

"अर्ध्या तासात बघून टाका" म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. गाडी रात्रभर उभी असलेली, थंड हवी, म्हणून सकाळची पहिली वेळ देतो. मग तुळजापूर रोडला चक्कर आणि शेवटी रॅम्पवर. हाय व्होल्टेजचं काही उघडायचं असेल तर आधी सेफ्टी प्लग काढून थांबावं लागतं. वीज धरून ठेवणारे कॅपॅसिटर रिकामे होईपर्यंत आमचा मुलगा हातमोजे घालून नुसता उभा दिसेल. तो टाइमपास करत नाहीये.

गाडी घ्या किंवा घेऊ नका, फी तीच. एजंटकडून आम्ही कमिशन घेत नाही, त्यामुळे फी तुमच्याकडूनच घ्यावी लागते. फी आधी सांगतो, नंतर वाढत नाही. रिपोर्ट लेखी देतो, स्क्रीनच्या फोटोंसह, आणि तो दाखवून भाव कमी करून घेतलेले गिऱ्हाईक आम्हाला नंतर सर्व्हिसिंगलाही येतात, हे लपवत नाही. गाडी आमच्याकडे तपासून घेतली असेल तर पहिल्या सर्व्हिसिंगला बॅटरीची जाळी आणि पंखा साफ करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

टोकन तपासणीनंतरच द्या. एजंट घाई करत असेल तर त्याला आमचा नंबर द्या.

येताना आरसी, दोन्ही चाव्या आणि सर्व्हिसचा इतिहास आणा. बॅटरीच्या वॉरंटीची मुदत कंपनीच्या डीलरकडे चासी नंबर देऊन आधी विचारून ठेवा. एमएच सोडून दुसऱ्या राज्याची गाडी असेल तर एनओसी आणि इथल्या टॅक्सचा आकडा आरटीओत काढून मगच भाव बोला. कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा कागद पाहा. टाकीत निदान पाव टाकी पेट्रोल असू द्या, आणि वेळ आदल्या दिवशी फोन करून घ्या. शनिवारी दोनच गाड्या घेतो.