जवसाचं तेल की टर्पेंटाइन? नळदुर्गच्या दरीत तैलरंग घेऊन जाण्यापूर्वी

तैलरंगांची पेटी घेऊन पहिल्यांदाच उघड्यावर चित्र काढायला निघालेल्या माणसाजवळ दोन बाटल्या असतात. एकीत जवसाचं तेल, दुसरीत टर्पेंटाइन. दोन्हींनी रंग सैल होतो, त्यामुळे नवशिके हाताला लागेल ती बाटली उघडतात. पण टर्पेंटाइन कॅनव्हासवरून उडून जातं आणि तेल तिथेच राहतं. सगळा फरक यातून निघतो.

टर्पेंटाइन म्हणजे पाइनच्या झाडाच्या राळेचा अर्क. त्याने रंग पातळ होतो, ब्रश झरझर चालतो, आणि ते उडालं की मागे रंगाचा रुक्ष, पातळ थर उरतो. तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हळूहळू त्याचा चिवट पापुद्रा होतो. त्यात त्याचं वजन उलट थोडं वाढतं. म्हणून टर्पेंटाइनचा थर तासाभरात बसतो, तेलकट थराला मात्र कित्येक दिवस लागतात.

खाली तेलकट आणि वर रुक्ष असे थर दिले, तर वरचा आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो, आणि चित्राला भेगा पडतात. म्हणून आधी टर्पेंटाइन, तेल नंतर. हा क्रम मोडू नये, असं मी आग्रहाने सांगेन.

सोलापूरहून पन्नासेक किलोमीटरवरच्या नळदुर्गला हा क्रम फार उपयोगी पडतो. बोरी नदीची घळ, तिच्या काठचा काळा बेसाल्ट, वर किल्ल्याची तटबंदी, पावसाळ्यात पाणीमहालावरून (नदीवरच्या बांधात बांधलेल्या महालावरून) कोसळणारे नर-मादी धबधबे! हा काळा खडक पाहून हात थेट आयव्हरी ब्लॅककडे जातो. तो टाळावा. हा काळा रंग भरपूर तेल पितो आणि फार सावकाश वाळतो. त्यावर बाकीचं चित्र उभं करणं धोक्याचं. त्याऐवजी बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग भरपूर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सावलीचे आकार मांडावेत. अंबरमधल्या मँगनीजमुळे तो लवकर वाळतो. कड्याच्या उन्हातल्या कडा आणि पाण्यावरची चकाकी शेवटी जाड रंगात द्यावी, त्यात हवं तर तेलाचा एखादा थेंब. एका बैठकीत चित्र संपवणार असाल, तर ट्यूबमधल्या रंगातच पुरेसं तेल असतं; वेगळी बाटली बहुधा उघडावीच लागत नाही.

तेल म्हणजे कुठलंही तेल नव्हे. शेंगदाण्याचं तेल आपल्या प्रत्येक घरात असतं, पण ते कॅनव्हासवर वाळतच नाही, चिकट राहून धूळ धरतं. रब्बीत आपल्याकडे पिकणाऱ्या करडईचं तेल मात्र रंगांचे कारखाने पांढऱ्या रंगात वापरतात, कारण ते जवसापेक्षा कमी पिवळं पडतं. वाळायला तेवढं सावकाश. घाण्यावरचं खायचं जवस तेलही नको, त्यात गाळ-चिकटा राहतो. चित्रकारांसाठी शुद्ध केलेलंच घ्यावं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन बहुधा पेट्रोलियमपासूनचं असतं. ब्रश धुवायला ते चालतं.

दोन्हींचा धोकाही वेगवेगळा. टर्पेंटाइनची वाफ साधारण ३५ अंशांनाच ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि सोलापूरचा एप्रिल-मे चाळिशीपार जातो. बंद गाडीत बाटली ठेवू नका, झाकण घट्ट लावा, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून बसा म्हणजे वाफ नाकात जाणार नाही. तेलाची बाटली उन्हात तशी निरुपद्रवी, पण तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा वाळताना आतून तापतो आणि आपोआप पेटू शकतो. चिंध्या उलगडून बाहेर वाळवाव्यात, किंवा पाणी घातलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावावं.