मोठी स्ट्रॉबेरी म्हणजे ‘जीएम’? नाही!

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात आली की व्हॉट्सॲपवर तोच मेसेज फिरू लागतो: फळ एवढं मोठं आणि वास नाही, म्हणजे नक्की ‘जीएम’ (प्रयोगशाळेत जनुकं बदललेली). हे साफ चूक आहे.

ही स्ट्रॉबेरी साध्या संकराची. चिलीची मोठ्या फळांची आणि उत्तर अमेरिकेची सुवासिक, अशा दोन जाती अठराव्या शतकात फ्रान्सच्या बागांत शेजारी लागल्या आणि संकर आपसूक झाला. १७६६ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंत्वान निकोला द्युशेन यांनी तो ओळखला.

वास कुठे गेला, हा प्रश्न मात्र रास्त आहे. पीचसारखा गंध देणारं गॅमा-डेकालॅक्टोन हे रसायन घ्या. ते बनायला ‘एफएएफएडी१’ हे जनुक लागतं आणि कित्येक वाणांत ते नसतंच. अशा वाणाला कितीही शेणखत घाला, तो गंध येणार नाही. वाण निवडताना उत्पादन आणि टणकपणालाच वर्षानुवर्षं झुकतं माप मिळालं. मला हे नुकसान मोठं वाटतं. आता कोवळ्या पानातला डीएनए तपासून, फळ धरण्याआधीच असं जनुक असलेली रोपं निवडता येतात.

आणि हो, तोडल्यावर स्ट्रॉबेरी लाल होते, पण गोड होत नाही. देठाजवळ पांढरी राहिलेली बहुधा लवकर तोडलेली असते.