एका ओळीमागची जुळवाजुळव

टर्मिनल, म्हणजे संगणकाला टाइप करून आज्ञा द्यायची खिडकी, उघडायचं, 'पिप इन्स्टॉल पांडाज' असं टाइप करायचं आणि एंटर दाबायचं. आकड्यांचे तक्ते हाताळणारं पांडाज हे पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं पॅकेज, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, थोड्याच वेळात संगणकावर दाखल होतं. ते आणून बसवणारा प्रोग्राम म्हणजे पिप. पण पडद्यावर सरकणाऱ्या ओळी जरा वाचून बघा. मागितलं एकच होतं, आली मात्र अनेक. पांडाजला आकडेमोडीसाठी नमपाय लागतं, तारखांसाठी डेटयुटिल लागतं आणि त्या डेटयुटिलला सिक्स नावाचं आणखी एक छोटंसं पॅकेज लागतं. पायपीआय या सार्वजनिक कोठारातून ही सगळी मंडळी पिप उतरवून घेतो.

उतरवणं सोपं, कस लागतो तो जुळवणीत. एक पॅकेज म्हणतं, नमपाय 2 च्या खालचंच हवं. दुसरं म्हणतं, 2 किंवा त्यापुढचं. आणि एका पायथनमध्ये नमपायची एकच आवृत्ती नांदू शकते. लग्नाची तारीख ठरवतानाही असंच होतं: कार्यालय मोकळं असेल तेव्हा मामांना रजा नसते, मामांना जमेल तेव्हा मुहूर्त नसतो. असं अडलं की पिप एक पाऊल मागे येतो, घेतलेली आवृत्ती सोडून जुनी धरतो आणि पुन्हा जमवून पाहतो. ही शिस्त त्याला नोव्हेंबर 2020 मध्ये, 20.3 या आवृत्तीत लागली. त्याआधी तो पहिली दिसलेली अट धरून पुढे जायचा. बिघाड कळायचा तो पुढे प्रोग्राम चालवताना. पॅकेजं वाढली की शक्यता गुणाकाराने वाढतात, म्हणून पिप कधीकधी बराच वेळ अडून बसलेला दिसतो. तो अडलेला नसतो, शोधत असतो.

जून 2024 मध्ये नमपाय 2.0 आलं तेव्हा या जुळवणीची किंमत अनेकांना कळली. जुन्या नमपायवर बेतून सी भाषेतून बांधलेली पॅकेजं नव्यासोबत चालेनात, कारण मेमरीतली अंतर्गत मांडणीच बदलली होती.

म्हणून मी प्रत्येक प्रकल्पाला 'पायथन -एम व्हेन्व्ह' ही आज्ञा वापरून वेगळी खोली, म्हणजे पॅकेजांची स्वतंत्र जागा, देते. एकीकडची अदलाबदल दुसरीकडे पोचत नाही. काम नीट चालू लागलं, की लगेच 'पिप फ्रीझ'. 'नमपाय==1.26.4' अशा नेमक्या आवृत्त्यांची यादी मिळते. ती फाइलमध्ये साठवून सहकाऱ्याला पाठवते. त्याच्याकडे 'पिप इन्स्टॉल -आर' म्हटलं, की त्याच आवृत्त्या तिथंही बसतात.