टेस्ट पॉझिटिव्ह आली, मग आजार असण्याची शक्यता किती?

१९७८ साली हार्वर्डशी जोडलेल्या हॉस्पिटलांमधल्या ६० जणांना, त्यात विद्यार्थी, शिकाऊ डॉक्टर आणि सिनियर डॉक्टर सगळे आले, एक प्रश्न विचारला होता. आजार हजारात एकाला होतो, टेस्ट ५ टक्के निरोगी लोकांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते, पेशंटची लक्षणं काहीच माहीत नाहीत, मग पॉझिटिव्ह आलेल्याला खरंच आजार असण्याची शक्यता किती? सगळ्यात जास्त जणांचं उत्तर आलं ९५ टक्के. बरोबर उत्तर साधारण २ टक्के आहे आणि ते फक्त ११ जणांनी दिलं.

हजार माणसं धरा, आजारी एकच, तो टेस्टमध्ये सापडलाच असं समजू, पण उरलेल्या ९९९ पैकी जवळपास ५० जण उगाचच पॉझिटिव्ह येतात, म्हणजे ५१ पॉझिटिव्ह रिपोर्टमध्ये खरा पेशंट एकच. हेच लक्षणं असलेल्या माणसाचं असेल तर त्याला आजार असण्याची शक्यता मुळातच जास्त असते आणि हिशोब पार बदलतो, म्हणून डॉक्टर आधी इतकी चौकशी करतात ती उगाच नाही.

यामागचं गणित, म्हणजे नवी माहिती मिळाल्यावर आधीची शक्यता कशी बदलायची ते, जुनंच, थॉमस बेझ या इंग्रज गणितज्ञाचा त्यावरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला. पण दवाखान्यापर्यंत यायला त्याला फार वेळ लागला. सेन्सिटिव्हिटी (आजारी लोकांपैकी किती जणांना टेस्ट पकडते) आणि स्पेसिफिसिटी (निरोगी लोकांपैकी किती जणांना ती निगेटिव्ह दाखवते) हे शब्द १९४७ मध्ये संख्याशास्त्रज्ञ येरुशाल्मी यांनी एक्स-रेने निदान किती बरोबर होतं ते मोजताना वापरले, आणि बेझचं सूत्र निदानाला कसं लावायचं हे लेडली आणि लस्टेड या संशोधकांनी १९५९ मध्ये नीट मांडलं. म्हणजे १९७८ च्या डॉक्टरांसमोर सगळं तयार होतं, तरी गडबड झालीच.

मला यात डॉक्टरांचा दोष कमी आणि आकडे सांगायच्या पद्धतीचा जास्त वाटतो. १९९८ मध्ये जर्मनीत हॉफ्राग आणि गिगेरेन्झर या संशोधकांनी ४८ डॉक्टरांना असेच प्रश्न दिले, टक्क्यांत मांडले तेव्हा १० टक्के उत्तरं बरोबर आली आणि 'हजारात इतके जण' असं मांडल्यावर ४६ टक्के, गणित तेच, डॉक्टर तेच! हे प्रत्येक मेडिकल कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवायला हवं होतं. पण २०१४ मध्ये बोस्टनला १९७८ चाच प्रश्न ६१ जणांना परत विचारला तेव्हा बरोबर उत्तर १४ जणांचंच आलं, आणि सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर तेच, ९५ टक्के.