राजाच्या दारातला उपास: आद्य मध्ययुगीन आयर्लंडमधील एका कायदेशीर तरतुदीची पार्श्वभूमी

सातव्या-आठव्या शतकातील आयर्लंडमध्ये एखाद्या साध्या शेतकऱ्याचे येणे सरदाराकडे, मठाधिपतीकडे किंवा खुद्द राजाकडे अडकले, तर ते वसूल करण्यासाठी त्याने आधी त्या बड्या माणसाच्या दाराशी उपाशी बसावे, असे कायद्याने सांगितले होते. या उपासाला जुन्या आयरिश भाषेत ‘त्रोस्कद’ म्हणत. विसाव्या शतकातील राजकीय उपोषणांमुळे या प्रथेला बरीच कीर्ती लाभली आणि तिच्याभोवती भाबडे कौतुकही साचले. मूळ ग्रंथांतील तरतूद मात्र कोरडी, हिशेबी आणि कमालीची व्यवहारी आहे.

ती समजायची तर त्या समाजाची घडण पाहावी लागते. ‘तूआथ’ हे लहानसे राज्य हा तेथील राजकीय जीवनाचा पाया होता आणि एका वेळी संपूर्ण बेटावर किमान दीडशे राजे नांदत असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. शहरे नव्हती, नाणी नव्हती, शिपाई-प्यादे नव्हते आणि तुरुंगही नव्हते. कायदा राजाच्या हुकुमातून नव्हे, तर ‘ब्रिथेम’ म्हणवणाऱ्या व्यावसायिक न्यायविदांच्या परंपरेतून येत असे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या परंपरेने ‘शेन्खस मार’सारखे मोठे संग्रह लेखनबद्ध केले. निवाडा ब्रिथेम देई. अंमलबजावणी मात्र ज्याची त्याने, आपल्या भाऊबंदांच्या आणि जामीनदारांच्या बळावर करायची.

अशा व्यवस्थेत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे माणसाचे प्रतिष्ठामूल्य. प्रत्येक स्वतंत्र पुरुषाच्या अब्रूची किंमत ठरलेली होती. तिचा भंग झाल्यास तेवढी भरपाई मिळे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या शपथेला, साक्षीला आणि जामिनाला किती वजन द्यायचे, तो स्वतःच्या अखत्यारीत केवढ्या रकमेचा करार करू शकतो, हेही त्यावरच ठरे. तूआथच्या राजाचे मूल्य सात ‘कुमल’ होते. कुमल म्हणजे गुलाम स्त्री. हिशेबात ती बहुधा तीन दुभत्या गाईंइतकी धरली जाई. या कायद्याच्या मानवी चेहऱ्याविषयी उत्साहाने लिहिणारे हे परिमाण कशावरून आले, याचा उल्लेख सहसा टाळतात.

हे मूल्य कायमचे नव्हते, ते घसरू शकत असे. इसवी सन ७०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘क्रीथ गब्लाख’ या दर्जाविषयक ग्रंथात राजाने फावडे, कुऱ्हाड किंवा मोगरी हाती धरून काम केले, तर त्याची किंमत सामान्य माणसाइतकी होते, असे सांगितले आहे. पळताना पाठीवर जखम झालेल्या राजालाही हाच नियम लागू होता. याच ग्रंथात राजाच्या आठवड्याचे वेळापत्रक आहे: रविवारी मद्यपान, सोमवारी न्यायनिवाडा, मंगळवारी पटावरचा खेळ, बुधवारी शिकारी कुत्र्यांची धाव पाहणे, गुरुवारी पत्नीसहवास, शुक्रवारी घोड्यांच्या शर्यती आणि शनिवारी पुन्हा निवाडे. प्रत्यक्षात एखादा राजा असा वागला असेल असे नाही. वर्गीकरणाची हौस असलेल्या पंडितांनी आखलेला हा आदर्श आहे. पण राजा नियमांच्या बाहेर नाही, ही त्यामागची धारणा खरी आहे.

सामान्य ऋणकोविरुद्ध वापरायचा उपाय म्हणजे जप्ती, ‘अथगबाल’. धनको आधी सूचना देई, ठरलेली मुदत जाऊ देई, मग साक्षीदारांदेखत ऋणकोची गुरे हाकून कोंडवाड्यात नेई. तरीही तोड निघाली नाही, तर ती गुरे टप्प्याटप्प्याने धनकोच्या मालकीची होत. अडचण येई ती ऋणको ‘नेमेद’, म्हणजे राजा, सरदार, धर्माधिकारी किंवा श्रेष्ठ कवी अशा विशेषाधिकारी वर्गातला असेल तेव्हा. त्याची गुरे परस्पर हाकणे हाच त्याच्या प्रतिष्ठेचा भंग ठरे. राजांसाठी एक पळवाटही काढलेली होती: त्यांच्या वतीने जप्ती सोसण्यासाठी खालच्या दर्जाचा एक बदली माणूस ठेवण्याची मुभा होती आणि राजाच्या देण्यापोटी या बदली माणसाच्या चीजवस्तूंवर टाच येई. एरवी मात्र नेमेदविरुद्ध जप्तीआधी उपास आवश्यक होता.

या उपासाचे नियम दोन्ही बाजूंना बांधणारे होते. दारात उपाशी बसलेल्याला तारण किंवा जामीन देऊन प्रकरण मिटवण्याची तयारी ऋणकोने दाखवली, तर उपास तिथेच संपला पाहिजे. योग्य देकार मिळूनही धनको हट्टाने बसून राहिला, तर त्याचे येणेच बुडे. उलट, कसलीही हमी न देता ऋणको घरात जेवला, तर मूळ देण्याच्या दुप्पट देण्याची जबाबदारी त्याच्यावर येई. आणि रीतसर केलेल्या उपासाला जो जुमानतच नाही, त्याचे येणे देवानेही फेडायचे नाही आणि माणसानेही नाही, असे ‘शेन्खस मार’ बजावतो. म्हणजे इतरांकडून त्याला जे येणे असेल, तेही मागण्याचा हक्क त्याने गमावला. प्रतिष्ठेवर जगणाऱ्याला याहून जबर शिक्षा नव्हती. हा उपास मरेपर्यंतचा नव्हता, हेही ध्यानात घ्यावे. तो बहुधा सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतचा, संध्याकाळचे मुख्य जेवण टाळण्यापुरता असावा, असे या कायद्याचे थोर अभ्यासक डॅनियल बिंची यांचे मत होते.

अब्रूवर बोट ठेवणारे दुसरे हत्यार कवीच्या हाती होते. ‘फिली’ या विद्वान कवींच्या वर्गात सर्वांत वरच्या पायरीवरच्या कवीचे मूल्य तूआथच्या राजाइतके, सात कुमल होते. त्याने रचलेले निंदाकाव्य निमूट सोसणारा राजा आपली प्रतिष्ठा गमावत असे. मात्र अकारण निंदा करणाऱ्या कवीलाही भरपाई द्यावी लागे.

ख्रिस्ती धर्माने ही प्रथा मोडली नाही. संतचरित्रकारांनी तर तिला नवे रूप दिले. संत पॅट्रिक डोंगरावर चाळीस दिवस राहिले, ही कथा सातव्या शतकापासून आढळते आणि नंतरच्या चरित्रांत ते उपाशीपोटी देवदूताशी घासाघीस करून एकेक वर पदरात पाडून घेताना दिसतात. लोर्हाचे संत रुआदान आणि तारा या राजपीठाचा राजा दियार्मत यांच्या कथेत दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्ध उपास धरतात. अखेर धर्मगुरू जेवल्याचे नाटक करून घास कपड्यांत लपवतात, राजा फसून जेवतो आणि हरतो. कथा उत्तरकालीन आहे, पण तिच्या कर्त्याला नियमांतील बारकावे नेमके ठाऊक होते.

हे सारे आपल्यापर्यंत पोचले ते वंशपरंपरागत कायदेपंडितांच्या घराण्यांमुळे. मूळ ग्रंथ सातव्या-आठव्या शतकातले, पण उपलब्ध हस्तलिखिते बहुतांशी चौदाव्या ते सोळाव्या शतकांतली आहेत: मोठ्या अक्षरांत मूळ पाठ आणि ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरांत टीका. अशाच एका पोथीत एड मॅक ईगन या तरुणाने १३५० च्या नाताळच्या आदल्या रात्री लिहिले आहे की, आपण एकविसावे वर्ष पुरे करत असून महामारी आयर्लंडमध्ये आल्याचे हे दुसरे वर्ष आहे. वडिलांच्या पोथीत हे लिहिताना वाचणाऱ्याने आपल्यासाठी प्रार्थना करावी, अशी विनंतीही त्याने केली आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी न्यायालयांनी हा कायदा मोडीत काढला आणि या घराण्यांची विद्या पोरकी झाली.

१८६५ पासून या ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे छापली जाऊ लागली, तेव्हा त्रोस्कदकडे लक्ष गेले ते भारतात काम केलेल्या कायदेपंडितांचे. व्हाइसरॉयच्या मंडळात विधी सदस्य राहिलेले हेन्री मेन यांनी १८७५ मध्ये त्याची तुलना थेट आपल्याकडच्या धरणे धरण्याशी केली. याच पदावर १८७७ ते १८८२ या काळात असलेले डब्लिनचे व्हिटली स्टोक्स तर जुन्या आयरिशचे जाणकार होते आणि त्यांची काही आयरिश संपादने कलकत्त्यात छापली गेली. धरण्याचा उपाय मराठी मुलखालाही परका नव्हता. १८०९ च्या सुमारास शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे वर्णन केले आहे. ब्रिटिश सरकारने मात्र १८६० च्या दंडसंहितेत दैवी कोपाचा धाक घालण्याच्या गुन्ह्याचे उदाहरण म्हणून दारात धरणे धरणारा माणूसच घेतला. मेन यांची तुलना चांगली होती. दोन्ही प्रथा एकाच आर्य मुळातून आल्या, हा त्या काळातला सूर मात्र आज जपूनच ऐकावा लागतो.

आधुनिक आयरिश उपोषणांशी त्रोस्कदचे नाते जोडले गेले ते साहित्यातून. तुरुंगातील उपोषणाचे हत्यार आयर्लंडमध्ये आधी १९१२ मध्ये मताधिकारवादी स्त्रियांनी वापरले आणि त्यांच्यापुढे आदर्श होता तो इंग्लंडमधील त्यांच्याच चळवळीचा. मात्र त्याआधी, १९०३ मध्ये, आयरिश कवी-नाटककार डब्लू. बी. येट्स यांनी राजवाड्याच्या पायरीवर उपाशी बसलेल्या कवीवर नाटक लिहिले होते. त्यात अखेर राजा नमतो आणि कवी जगतो. कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी २५ ऑक्टोबर १९२० रोजी लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणानंतर मरण पावले. त्यानंतर येट्स यांनी नाटकाचा शेवट बदलून कवीला मरू दिले.